खांबावरच्या माणसाचं नाव

आमच्या गल्लीत विजेचं काही बिघडलं की तोच वायरमन यायचा. काम सुरू करण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचा. "लाइन बंद आहे" हे त्यानं कुणाच्या तोंडून खरं मानलं नाही, माझ्यासारख्या डॉक्टरच्याही नाही. टेस्टर लावून पाहिल्याशिवाय तारेला हात नाही.

घरातल्या दवाखान्यासाठी मी जनरेटर आणला. नियमानं त्याला चेंजओव्हर स्विच लागतो. एका वेळी लाइन तरी, नाहीतर जनरेटर तरी. पण तो कोण बसवत बसणार? मी दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर केली आणि जनरेटर सरळ भिंतीतल्या प्लगला जोडला. लाइट गेलेलीच होती. तेवढ्यात वायरमन आला आणि त्यानं पिन उपसली.

"मेन स्विच बंद करतो ना मी!" मी चिडलो.

"अन् एखाद्या दिवशी विसरले त?" त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. कोपऱ्यावरच्या खांबावर लाइनमन चढला होता. "लाइन बंद हाये समजून तो काम करून राहिला. तुमचा करंट उलटा जाऊन त्याले धरन. जा साहेब, त्याचं नाव विचारून या. मंग जोडतो मी."

मी रागारागात गेलोही. लाइनमननं वरून नाव सांगितलं आणि हसत विचारलं, "काहून, साहेब?"

परतलो तेव्हा माझ्या वायरचे दोन तुकडे झाले होते आणि तो खडूनं भिंतीवर चेंजओव्हरची जागा आखत होता. नाव काय, हे त्यानं विचारलंही नाही.