आपण आणि आम्ही

जेवणाच्या टेबलावर लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी मोबाइलवर नकाशा उघडून बसल्या होत्या. शनिवारी रतनगडाला जायचा बेत चालला होता.

"आई, तू कॉलेजात असताना गेली होतीस ना? सांग की काहीतरी," लेक म्हणाली.

मला तेवढंच हवं होतं. शिड्या चढताना खाली बघू नका, माकडांसमोर डबा उघडू नका आणि नेढ्यात बसल्याशिवाय गड उतरू नका. नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं मोठं भोक. तिथला वारा माणसाला बोलूच देत नाही.

"आम्ही नक्की बसू," ती म्हणाली.

त्या 'आम्ही'पाशी मी उगाच अडखळले. आपल्या भाषेत ही केवढी सोय, आणि केवढी पंचाईत! 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात धरलेला असतो. 'आम्ही' म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर. लहान असताना हीच मुलगी ओट्याशी येऊन विचारायची, "आई, आपण कधी बसायचं त्या भोकात?" कणीक मळता मळता मी म्हणायचे, "जाऊ हं आपण." मग तिच्या परीक्षा आल्या, आणि मग माझे गुडघे.

माझा चेहरा तिला दिसला असावा. उठताना खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "पुढच्या वेळी जाऊ हं आपण."

'आपण' मिळाला मला. पण तो 'हं' मी लगेच ओळखला. तो माझाच होता.