आरशांची वेबसाइट आणि एक मिस कॉल

हिंगोलीत वेबसाइट करून घ्यायला आलेला माणूस खुर्चीवर नीट टेकायच्या आधी एकच मागणी करतो. "म्याडम, हालली पायजे." काय विकायचंय, कोणाला विकायचंय, ते सगळं मागाहून. आधी ती पडद्यावर हालली पाहिजे. पुण्यात नोकरी करत होते तेव्हा याच मागणीला लोक लांबलचक इंग्रजी नावं द्यायचे. इथं परत आल्यावर निदान तेवढा ताप तरी गेला. माझे वडील जन्मभर कचेरीत फायली बांधलेले. ते माझ्या धंद्याला हलवाईगिरी म्हणतात. सकाळी चहा घेता घेता विचारतात, "काय गं, आज कोणाचं काय हलवायचंय?"

हलवलं मी पुष्कळांचं. हळदीच्या एका व्यापाऱ्याला पान उघडलं की वरून हळद पडायला हवी होती. पाडली. इतकी झकास पडायची की माझं मलाच कौतुक वाटायचं. चार दिवस गेले न गेले तोच त्यांचा मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, फोन. "म्याडम, हळद लई येऊन राहिली, पण भाव दिसून न्हाई राहिला." शेतकरी तिथं भाव बघायला यायचा. त्याच्या हातातला साधा मोबाइल हळद पाडता पाडता तापायचा आणि मध्येच थिजायचा. मग मी हळद एकदाच पडू दिली, तीही भाव दिसल्यावर. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना प्रत्येक पानाआधी कोरीव दार उघडलेलं हवं होतं. त्यांच्याच मेहुण्यानं लग्नाची तारीख शोधता शोधता मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाला, "एकदा आत आलो ना? मंग दर बारीला दार काहून उघडून राहिले?" मला राग आला. माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं की मला लगेच राग येतो आणि तो उतरायला बराच वेळ लागतो. पण उतरल्यावर दिसलं, त्याचं बरोबर होतं. जे हलतं त्यानं बघणाऱ्याला काहीतरी सांगितलं पाहिजे. नुसतं हलणारं पाळण्यातल्या बाळापुरतं ठीक आहे.

हे शहाणपण मी दुसऱ्यांना भरपूर वाटलं. स्वतःच्या आवडीचं काम हाती आलं तेव्हा मात्र सगळं विसरले.

बचत गटांच्या प्रदर्शनात मी एक पिशवी घेतली होती. लाल जाड कापडावर पिवळ्या-हिरव्या दोऱ्याचा कशिदा, काठाला कवड्या आणि मध्ये दाटीवाटीनं बसवलेले छोटे आरसे. विकणारी बाई साखरा गावाच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावरची. चाळिशीची असेल. मी पिशवी उलटसुलट करून बघत होते, तर ती म्हणाली, "दोरा वढून बघा. तुटला तर पैसे देऊ नका." मला तिचा तोरा आवडला. बोलता बोलता मी म्हटलं, ताई, तुमची वेबसाइट करू या. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. तिला काय हवं होतं ते तिनं तिथंच, स्टॉलवर, उभ्या उभ्या सांगितलं.

"मला घरी बसून काम पायजे, म्याडम. दरसाल दिवाळी झाली की आमी नवरा-बायको कारखान्यावर ऊस तोडाया जातो. पोरगी सासूपाशी राहायची. आता सासूला दिसत न्हाई. अन् पोरगी औंदा धाव्वीला हाय. आमी गेलो तर तिलाबी घेऊन जावं लागतंय. मंग परीक्षा कोन देईल?"

गावात राहून नवऱ्याला मजुरी मिळाली असती, तिला शिवणकामाची एखादी मोठी ऑर्डर मिळाली असती, तर भागलं असतं. ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाला त्यांनी अजून शब्द दिला नव्हता. मी म्हटलं, माझ्या पैशाचं नंतर बघू, आधी ऑर्डर आणू.

आणि मी कामाला लागले. असं काम मला किती वर्षांत मिळालं नव्हतं. आरसे! मोबाइल जरा कलता केला की आरशावरची चमक इकडून तिकडे सरकायची, खऱ्या आरशावर सरकते तशी. बोट फिरवलं की कवड्या किणकिणायच्या. सगळ्यात लाडका होता तो शेवट. गिऱ्हाइकानं काय हवं ते लिहून "पाठवा" दाबलं की सगळे आरसे एकामागून एक लखलखायचे आणि मग पडदा हळूहळू सोनेरी व्हायचा. वडिलांना दाखवलं. ते चष्मा वर सारून म्हणाले, "छान आहे. पण गेलं का?" "काय गेलं का?" "अगं, लिहिलेलं. पोचलं का ते?" मी म्हटलं, "बाबा, चमकलं म्हणजे गेलं." ते बरं म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

तांड्यावर दाखवायला मी स्वतः गेले. सोयाबीन निघालं होतं, अंगणात भुसा उडत होता. मला वाटलं होतं, ताई मोबाइल हातात धरतील, कलता करतील आणि थक्क होतील. तांड्यावर मोबाइल असा एकटीनं कोणी बघतच नाही. बघता बघता सगळ्या बाया जमल्या. मोबाइल मधोमध चटईवर आडवा ठेवला आणि सगळ्या भोवती वाकून बसल्या. आडव्या मोबाइलवर आरसे कशाला चमकतील? मी सांगितलं, कलता करा. मग एकीनं तो सुपासारखा हातात घेऊन असा काही पाखडला की तो थेट पिठाच्या परातीत. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. ताईंची सासू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अवं, खरा आरसा अंगावर हाय तुमच्या. फोनातला काहून बघून राहिल्या?" मीही हसले. मनात मात्र म्हटलं, पुण्यातलं गिऱ्हाईक मोबाइल परातीत पाडणार नाही, त्याला कळेल.

पुण्यातल्या गिऱ्हाइकाला कळलंही. घरसजावटीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंना साइट आवडली. त्यांनी तोरणं आणि उशांचे अभ्रे मागितले, तेही इतके की तांड्यावरच्या चार-पाच जणींचे हात उन्हाळ्यापर्यंत रिकामे राहिले नसते. त्यांनी लिहिलेलं सगळं ताईंच्या मोबाइलवर मेसेज होऊन गेलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. निरोप थेट ताईंना जावा, मध्ये माझी लुडबुड नको, असं मीच ठरवलं होतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा ताई हिंगोलीला बाजाराला आल्या आणि माझ्याकडे डोकावल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "म्याडम, उद्या सकाळी मुकादम येऊन राहिला. त्याला व्हय म्हनावं म्हनते."

मी विचारलं, "म्हणजे एकही ऑर्डर आली नाही?"

"आली की. पुन्याची. लई मोठी."

"मग?"

"मंग काय, बाईनं फोनच लावला न्हाई."

"तुम्ही उत्तर दिलं होतं का?"

"दिलं म्हंजी? सकाळी मिस कॉल दिला, सांच्याला दिला. दुसऱ्या दिवशीबी दिला."

मी कपाळावर हात मारला. आवाज चढलाच माझा. "अहो ताई, गिऱ्हाइकाला कोणी मिस कॉल देतं का?"

त्या रागावल्या नाहीत. खालमानेनं पदराचा काठ सरळ करत राहिल्या. "मंग काय करायचं? आमच्याकडं तसंच करत्यात. मिस कॉल दिला म्हंजी, व्हय, तुमचा निरोप पोचला, आता तुमाला सवड असंल तवा बोला. आपनच फोन लावून बोलत बसलो तर बाई म्हनंल, गळ्यात पडून राहिली. ती कामात असंल, जेवत असंल. तिला काहून तकलीफ द्यायची?"

पूर्वी मोबाइलमध्ये पैसे टाकणं परवडायचं नाही तेव्हा ही रीत पडली असणार. पण आता ती नुसती काटकसर राहिली नव्हती. ती अदब होती. दार न ढकलता कडी वाजवायची आणि बाहेर उभं राहायचं. आणि समोरच्याला ते कळेलच, असा त्यात विश्वास होता. त्या क्षणी मला ताईंबद्दल इतकी माया वाटली की चढवलेला आवाज कुठं ठेवू असं झालं.

मी त्यांच्यासमोरच पुण्याच्या बाईंना फोन लावला. त्या चांगल्या होत्या, पण आवाजात नाराजी होती. "अहो, मी इतकं सविस्तर लिहिलं. 'पाठवा' दाबलं. काय सुंदर चमकलं सगळं! आणि पुढे काहीच नाही. पोचलं, नाही पोचलं, कोण बोलणार, कधी बोलणार, काही कळेना. मला वाटलं, साइट नुसती शोभेची आहे, मागे माणूसच नाही."

"तुम्हाला अनोळखी नंबरावरून मिस कॉल आले होते का?"

"आले होते ना. एक रिंग वाजायची आणि कट. असल्या फसवणुकीच्या बातम्या येतात हल्ली. मी तो नंबर ब्लॉक करून टाकला."

मी त्यांना सगळं सांगितलं. मिस कॉलचा अर्थ सांगितला, शाळेचं आणि मुकादमाचंही सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसू थांबलं. म्हणाल्या, "मी दुसरीकडे बोलणी केली आहेत. शब्द दिलेला नाही, पण जवळपास ठरलंय. आज संध्याकाळी भागीदाराशी बोलते. काय असेल ते उद्या सकाळी मी स्वतः ताईंनाच सांगेन. नंबर आत्ता सोडवते."

ताई उठल्या. एसटीची वेळ झाली होती. मी म्हटलं, "सकाळी ऑर्डरचं ठरलं की मला कळवा. नाहीतर माझा जीव टांगणीला लागेल."

"ठरलं की मिस कॉल देते तुमाला."

"आणि नाही ठरलं तर?"

त्या दारात थांबल्या. "न्हाई ठरलं तर फोन लावीन. व्हय म्हनाया एक रिंग पुरती. न्हाई म्हनायचं असलं तर बोलावंच लागतंय ना."

त्या गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला आणि माझा लाडका शेवट काढून टाकला. आरशांचा लखलखाट गेला, सोनेरी पडदा गेला. हात जड झाला, खोटं कशाला सांगू. त्या जागी एकच आरसा ठेवला. "पाठवा" दाबलं की तो एकदा चमकतो आणि थांबतो. त्याच्याखाली ताईंचा नंबर येतो, आणि हा मजकूर: तुमचा निरोप तांड्यावर पोचला. या नंबरावरून तुम्हाला एक मिस कॉल येईल. त्याचा अर्थ, हो, आम्ही वाचलं. तुमच्या सवडीनं फोन करा. वडिलांना दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "हं. आता गेलं."

कवड्यांची किणकिणही काढली. आरसे मात्र मोबाइल आडवा असला तरी चमकतील असे केले. गोल करून बघणाऱ्यांनाही दिसायला हवं. हे मला त्या चटईपाशीच कळायला हरकत नव्हती, पण तेव्हा मी हसण्यात गुंग होते.

सकाळी मी चहा घेऊन टेबलाशी बसले आणि मोबाइल समोर ठेवला. वडील पेपर वाचत होते. हळदीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, तो दोन शब्दांत कटवला. मुकादम आला असेल. अंगणात खाटेवर बसला असेल. नवरा बायकोच्या तोंडाकडे बघत असेल. पोरगी शाळेचं दप्तर भरत असेल, की कपड्यांचं गाठोडं? मला काही सुचेना. चहावर साय धरली.

मोबाइल वाजला. ताईंचा नंबर.

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पहिलीच रिंग चालू होती. टेबलावर मोबाइल थरथरत सरकत होता. माझ्या सगळ्या कामात एवढं बारीक हलणं मी कधी इतकं डोळे लावून बघितलं नव्हतं. थांब, मी मनात म्हणत होते, थांब गं बाई, थांब.

वडिलांनी पेपर खाली केला. "अगं, उचल की. कोणाचा आहे?"

"उचलायचा नाही, बाबा."

त्यांनी चकित होऊन माझ्याकडे बघितलं. आणि एका रिंगवरच मोबाइल गप्प झाला; नाही म्हणायचं असतं तर तो वाजतच राहिला असता. पडद्यावर ताईंचं नाव, खाली मिस कॉल.

मी आवाज न करता रडत होते आणि हसत होते. वडिलांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणाली," मी म्हटलं. "पोरगी शाळेत जाणार."