हुंकार न देण्याचे दिवस

त्या दिवशी सकाळी आबा डाळिंबाच्या बागेतून घरी आले, ओसरीवर बसले आणि आईशी बोलले. आईला ते बोलणं कळलं नाही. तिने परत विचारलं. आबा परत बोलले. मग आईने मला बारामतीला फोन लावला आणि तो आबांच्या कानाला धरला.

"आबा, काय झालं?" मी विचारलं.

"आगं, तिकडचं दुंबाळ सारलंया," वडील म्हणाले, "आन् ह्यास्नी सांगतुया तर नुसतं खिरपत बसल्यात."

आवाज त्यांचाच होता. रागाचा चढ, मध्येच घेतलेला दम, वाक्य संपवताना खाली येणारा सूर, सगळं ओळखीचं. 'आगं', 'तिकडचं', 'सांगतुया' हे शब्द जागच्या जागी होते. ज्या शब्दांवर वाक्य उभं राहतं, तेवढेच कुठल्याच भाषेतले नव्हते. मला आधी वाटलं, रेंज नाही. मी फोन कानावर दाबून खिडकीशी गेले. आबा बोलतच होते आणि त्यांना काहीच वेगळं वाटत नव्हतं.

निरवांगीत, आमच्या गावी, कुणी ते दुखणं मानायला तयार नव्हतं. तात्यांची बाग आमच्या बागेला लागून आहे आणि ते आबांचे लहानपणापासूनचे मित्र. ते म्हणाले, "वारं गेलं आसतं तर तोंड वाकडं झालं आसतं. हातपाय चालत्यात की. ह्ये उन्हाचं हाय, ताक पाजा." कुणी नरसिंहपूरला देवाच्या पायावर घालून आणायला सांगितलं. मी गाडी करून पोचले आणि आबांना घेऊन बारामतीच्या दवाखान्यात आले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर आणि मागे, एक करडा डाग होता. तिथे रक्त पोचलं नव्हतं. "ह्यांना ऐकू येतं," डॉक्टर म्हणाले, "पण ऐकलेलं उलगडत नाही. स्वतःचं बोलणंसुद्धा."

मी ग्रंथालयात काम करते. भीती वाटली की पुस्तक उघडायचं, ही माझी सवय. त्या आठवड्यांत भाषा आणि मेंदू यांविषयी जे हाती लागलं ते वाचलं. त्यातलं एक मनातून जात नव्हतं. आपण बोलतो तेव्हा दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. कागदावर दिसते तशी मोकळी जागा आवाजात नसते; आवाज सलग वाहतो. शब्द कुठे तुटतो हे ऐकणाऱ्याचा मेंदू ठरवतो, आणि ते तो पाळण्यात असल्यापासून शिकत आलेला असतो. बाळाला आधी सूर कळतो, मग तुकडे, मग अर्थ. इंदापूरच्या बाजारात डाळिंबं घ्यायला तमिळ व्यापारी यायचे. ते फोनवर बोलताना मी लहानपणी कान देऊन ऐकायचे. एकही शब्द सुटा व्हायचा नाही. आबांना आता आईचं बोलणं तसं ऐकू येत असेल का? संसारभर ऐकलेला आवाज, तोच सूर, आणि आत काही नाही. रात्री अंथरुणावर पडलं की मी आईच्या जागी स्वतःला आणि आबांच्या जागी स्वतःला ठेवून बघायचे, आणि दोन्हीकडून घाबरायचे.

आबा घरी आले आणि भेटायला माणसं येऊ लागली. आमच्याकडे मोठं माणूस बोलत असताना गप्प बसून ऐकणं उद्धटपणाचं. हुंकार द्यायचा. "हं", "हां", "व्हय व्हय", "आन् मग?" असं मध्ये मध्ये टाकत राहायचं, म्हणजे बोलणाऱ्याला आपल्या बोलण्याखाली जमीन असल्यासारखं वाटतं. लहान मुलांना हे पाया पडायला शिकवतात तसंच शिकवतात. तात्या तर त्यातले उस्ताद.

"त्यो गराट वरचा काय सोडत न्हाय," आबा त्यांना सांगत.

"हं. न्हायच सोडायचा."

"मी म्हनलं, तुझ्या भिंगटाला इचार की!"

"ह्या! आसं म्हनलासा? आन् मग?"

आबा पुढचं सांगत. शेवटाला असा काही सूर लावत की हसण्याची जागा आपोआप कळे, आणि तात्या मांडीवर थाप मारून हसत. आबाही हसत. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोन म्हातारे नेहमीसारखे कुणाची तरी चेष्टा करताहेत.

जाताना तात्या माझ्याशी फाटकापाशी थांबत. "काय बी कळलं न्हाय गं पोरी," ते म्हणत. "पर बोलतंय माणूस तवर बोलू द्यावं."

बारामतीत आबांना बोलण्याचे उपचार देणाऱ्या मॅडम एकदा घरी बघायला म्हणून निरवांगीला आल्या. ओसरीवर तासभर बसल्या. चहा घेतल्यावर मला आणि आईला आत बोलावून म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्यांना हं हं करता."

"मग काय करावं?" आई म्हणाली.

"आपण बोलतो ते आपल्यालाच ऐकू येतं आणि चुकलं तर आपण सुधारतो. त्यांच्यात तेच बंद पडलंय. आपण नीट बोलतोय असं त्यांना वाटतं, आणि तुम्ही सगळे मान डोलावून तेच पक्कं करता. त्यांना चुकलेलं कळलं नाही तर सुधारायचं कशाला? हात वर करून थांबवा. घरच्या बोलीत, शांतपणे, कळलं नाही म्हणा. मग वस्तू दाखवायला सांगा."

मॅडम गेल्यावर आई बराच वेळ भाकरीचं पीठ तसंच मळत राहिली. "लगीन झाल्यापासनं कितींदा कळलं न्हाय," ती म्हणाली, "कंदी तोंडावर बोलले न्हाय. आन् आता बोलू?"

मी म्हटलं, मी बोलते. पण माझाही हात उचलेना. मॅडमचं बरोबर असणार, हे कळत होतं. भीती दुसरीच होती. आबांचं बोलणं कळत नसलं तरी ते वाहत होतं. ते थांबवलं आणि आतून दुसरं काही आलंच नाही तर? मी शनिवारी गावी यायचे आणि रविवारी हात न उचलता बारामतीला परतायचे. असे बरेच रविवार गेले.

एका दुपारी आबा बागेतून तरातरा आले. माझ्यासमोर उभे राहून बोलू लागले. हात बागेकडे जात होता. "त्या सावडीला पुरतं गेरंभलं, आन् कुनी बी..."

मी तळहात वर केला. "आबा, कळलं न्हाय."

ते थांबले. मग तेच, जरा मोठ्याने, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं बोलले.

"न्हाय कळलं, आबा."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला अक्कल नाही, अशा अर्थाचा हात त्यांनी झटकला, तो मात्र अगदी स्पष्ट कळला. ते आईकडे वळले आणि तिला सांगू लागले. आई जमिनीकडे बघत होती. तिच्या ओठांवर हुंकार येऊन थांबलेला मला दिसत होता. तिने तो दिला नाही. आबांचं वाक्य मध्येच हळू झालं. ते आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग आपल्याच हाताकडे, जणू बोलणं हातातून पडलं होतं. आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर आबा बोलेनासे झाले. जेवायचे, बागेत जायचे, यायचे. घरात भांड्यांचा आवाज मोठा वाटू लागला. मी रजा काढून तिथेच राहिले आणि त्यांच्या ओठांवर नजर ठेवून असायचे. मॅडम फोनवर म्हणाल्या, थांबा, हे चांगलंही असू शकतं. 'असू शकतं' हा शब्द मी दिवसभर चघळत बसायचे. तात्या तर फाटकातूनच ओरडले, "शिकली सवरली, आन् बापाची बोलती बंद केलीस व्हय गं? शाबास!" त्यांचं खरं निघालं तर?

तरी संध्याकाळी तात्या येऊन आबांजवळ बसायचे. असेच एकदा बसले असताना आबांनी त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलायला सुरुवात केली. आई चुलीपाशी उठून उभी राहिली.

"हं," तात्या सवयीने म्हणाले, "व्हय व्हय."

आबा थांबले. त्यांनी तात्यांचा गुडघा घट्ट धरला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. विचारत होते. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली नाही. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"न्हाय आबा," ते म्हणाले. "आईशप्पत, काय बी कळलं न्हाय. कंदीच कळत न्हाय."

आबांनी मान खाली केली. मला वाटलं, संपलं. पण ते उठले, तात्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच बागेत घेऊन गेले. मी मागे गेले. ओढ्याकडच्या कडेला एका झाडाशी आबा थांबले आणि त्यांनी एक डाळिंब फिरवून दाखवलं. सालीवर तेलकट काळे डाग होते, मध्ये चीर गेलेली. शेजारच्या झाडालाही तोच रोग.

"आयला, तेल्या!" तात्या म्हणाले. "आरं, ह्यो तर माझ्या बांधापातुर आलाय!"

आबांनी त्यांच्या ओठांकडे बघून तोंड उघडलं. "तेर... तेमका..." आणि थांबले. मान हलवली. नाही, हा नाही. परत, "तेवडा..." परत मान हलवली. शब्द आला नाही. पण आलेला शब्द खोटा आहे, हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या आत कुणीतरी पुन्हा ऐकू लागलं होतं. तात्या शिव्या देत फळं तोडत होते आणि मी बांधावर बसून रडत होते.

त्यानंतर काही शब्द आले. 'पानी' आला, 'न्हाय' आला, एकदा चहा पिताना आईला 'गोड' म्हणाले. बरेच आले नाहीत. चुकलं की ते थांबत, आणि आम्ही वाट बघत असू. थंडीत त्यांना दुसरा झटका आला आणि त्यातून ते उठले नाहीत.

रोग लागलेली झाडं काढून टाकली. बाकीची बाग आहे आणि ती तात्यांचा मुलगा बघतो. आई निरवांगीतच राहते. मी शनिवारी जाते आणि रविवारी परत येते. आम्ही दोघी ओसरीवर बसून जेवतो.