रफीकभाई आणि कार्डाचं मशीन

जिथं चार नियम लावले, तिथं आठ किस्से जमतातच. नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत सेफ्टीच्या पाट्या इतक्या, की भिंतीला रंग द्यायची गरजच पडत नाही. मी स्टोअरला, गेटच्या अगदी समोर. त्यामुळं रोजची करमणूक फुकट.

गेटवर आमचे रफीकभाई, जुने वॉचमन. आत येणाऱ्यानं बॅग उघडून दाखवायची आणि त्यांच्या रजिस्टरात नाव, काम, वेळ लिहायची, असा नियम. हे कुणी वाचतं का, अशी मला आपली शंका. एकदा दुपारी बाहेरून आलो आणि कामाच्या रकान्यात सरळ लिहिलं, ‘चोरी करणे’. चार पावलं गेलो तोच मागून हाक. म्हटलं, मेलो आता! तर रफीकभाई म्हणतात, "सायेब, टाईम टाकायचा ऱ्हायला की."

मग हेल्मेटची सक्ती आली. हेल्मेट नसेल तर गाडी आत नाही. आमच्या शिफ्टनं एकच हेल्मेट बाहेरच्या चहाच्या टपरीवर ठेवलं. एकानं घालून आत जायचं आणि कंपाउंडवरून मागच्याकडं फेकायचं. त्या वर्षी कंपनीत डोक्याला मार लागला तो फक्त आमच्या वेल्डर शिंदेला. तीन टाके पडले. लागलं काय, तर हेल्मेट.

आगीच्या ड्रिलला भोंगा वाजला आणि आम्ही सगळे मागच्या इमर्जन्सी दाराकडं पळालो. दाराला हे भलं मोठं कुलूप. चोर शिरू नये म्हणून! चावी सेफ्टी ऑफिसरकडं, आणि ते दाराबाहेर घड्याळ लावून आमची वाट बघत उभे.

पुढं हेड ऑफिसनं गेटवर मशीन बसवलं. कार्ड टेकवलं की दार उघडतं. मशीन पास झालं तर वॉचमन बंद, असं ठरलं. रफीकभाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, रिटायरमेंटला दोन वर्षं. आठवडाभर माणूस डबा न उघडता घरी नेत होता. आम्हाला लई वाईट वाटायचं, पण करणार काय?

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक साहेब आले. गुपचूप, कामगाराच्या कपड्यात, सुट्टीवरच्या एकाचं कार्ड घेऊन. मशीननं हिरवा दिवा लावून दार उघडलं. रफीकभाईंनी मात्र दंड धरला आणि त्यांना केबिनमध्ये बसवलं. मी हेड ऑफिसचा आहे म्हणून साहेबांनी परोपरीनं सांगितलं, पण मॅनेजर येईपर्यंत सोडलं नाही. चहा मात्र पाजला.

रफीकभाईंची नोकरी वाचली, मशीन पुण्याला परत गेलं. मॅनेजरांना राहवेना. त्यांनी विचारलं, "रफीकभाई, तुम्हाला समोरच्याचं तोंड धड दिसत नाही. हा बाहेरचा आहे हे ओळखलं कसं?"

"सायेब, त्यानं न सांगता बॅग उघडून दाखवली. आपल्यातलं कोन दाखवतंय?"