पाचशे फुटांची बॅटरी

आधीच सांगून टाकतो, मला भुताखेताच्या गोष्टींची किळस आहे. भीती नव्हे, किळस. ह्या सदरात दर महिन्याला कुणाला तरी पिंपळाखाली पांढरी साडी दिसते, कुणाच्या तरी मावसभावाच्या गाडीवर मागं कोणीतरी येऊन बसतं... वाचून मी मासिक बायकोकडे भिरकावतो. माझा धंदा उजेडाचा. कोरेगावच्या पेठेत माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. बॅटरी म्हणजे हातात धरायची, शहरातले लोक जिला टॉर्च म्हणतात ती. तरीही आज लिहायला बसलोय. वाचून तुम्हाला किळस आली तर ती नेमकी कशाची आली, तेवढं बघा.

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ. माझे अब्बा कल्हईची आणि पत्र्याची कामं करायचे, त्यामुळं पत्रा कापणं, वाकवणं, डाग देऊन सांधणं माझ्या हातातच होतं. माझा मित्र मिलिंद मूळचा आटपाडीचा, आयटीआय केलेला, वायरिंगमध्ये तयार गडी. आम्ही दोघांनी मिळून एक दांडगी बॅटरी बनवली. पत्र्याचा डबा, आत चार्ज होणारे सेल, पुढं स्कूटरच्या दिव्याची काच आणि हॅलोजनचा बल्ब, वर धरायला मूठ.

तेव्हा आटपाडीकडं कालव्यासाठी बोगदा खोदायचं काम चाललं होतं. तिथल्या एका ठेकेदाराला अशा तीस बॅटऱ्या हव्या होत्या. त्याची माणसं शाफ्टमधून खाली उतरायची — शाफ्ट म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, कडेनं लोखंडी शिडी. एक हात शिडीला, एका हातात पेटती बॅटरी. ठेकेदाराच्या अटी दोनच होत्या. पाचशे फुटांवर कागदावरचे आकडे वाचता आले पाहिजेत, आणि वीस मिनिटं सलग चालवून बॅटरी हातात धरवली पाहिजे.

ज्यांनी ह्या कामात हात घातलाय त्यांना माहीत आहे, ह्या दोन अटींचं आपसांत हाडवैर असतं. उजेड लांब फेकायचा तर बल्ब मोठा लागतो, आणि बल्ब मोठा की डबा तापतो. कमी वॅटचा बल्ब घातला तर डबा गार राहतो, पण तीनशे फुटांच्या पुढं नुसता धूर दिसावा तसा उजेड. ॲल्युमिनियमचा डबा असता तर उष्णता बाहेर पडली असती. मिलिंद तेच म्हणत होता. पण तो ओतून घ्यायला वेळ लागला असता आणि मला ऑर्डर घालवायची नव्हती. मी बल्बच्या मागं पत्र्याच्या पट्ट्या डाग देऊन बसवल्या आणि एवढ्यानं भागेल असं ठरवून टाकलं.

चाचणीला सरळ, लांब आणि भरदिवसा काळोख असलेली जागा हवी. ती मिलिंदच्या चुलत्यांनी, तात्यांनी दाखवली. तात्या तरुणपणी कोयनेच्या बोगद्यांत कामाला होते. कोयनानगरच्या अलीकडं, घाटातल्या एका वळणाच्या वर, त्या काळी खोदून अर्धवट सोडलेला एक बोगदा होता. साधारण सहाशे फूट सरळ आणि पुढं कातळ. आत शिरलं की वटवाघळांच्या घाणीचा वास नाकात नव्हे, घशात बसायचा. खाली घोटाभर काळा मऊ लगदा, आणि त्यात झुरळं वळवळायची. भाकरी खायला आम्ही खाली रस्त्यावर यायचो, तरी घासाला तोच वास यायचा. आजही बंद खोलीचं दार उघडलं की मला आधी तो वास येतो.

तात्यांचा ह्यात जीव अडकलेला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा गौतम त्याच ठेकेदाराकडं होता, रोज शाफ्टमध्ये उतरणारा. तीसपैकी एक बॅटरी त्याच्याच हातात जाणार होती.

"आमच्यात एक गडी हुता," तात्या पहिल्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाले. "हातातला दिवा तापला म्हून सोडला त्यानं. अंधारात पाय कुटं टाकला त्यालाच ठावं. दिवा लगीच घावला. गडी दोन दिसांनी घावला. म्हून सांगतो रफिक, बॅटरी गालाला लावून बगायची. हात कामानं मेल्याला असतो. गालाला कळतं."

तो गडी ह्याच बोगद्यातला का, हे मी विचारलं नाही.

चाचणीची पद्धत मिलिंदनं बसवली होती आणि ती चोख होती. भिंतीवर दर पन्नास फुटांना चुन्याची खूण. तोंडाशी ताडपत्री लावून उजेड बंद. मिलिंदच्या बायकोनं घरी दहा चिठ्ठ्यांवर चार-चार आकडे लिहून घड्या घालून दिलेल्या, आमच्यापैकी कुणी बघितलेल्या नाहीत. तात्यांची नजर अजून चांगली, म्हणून ते चिठ्ठ्या घेऊन पाचशेच्या खुणेवर उभे राहायचे. मी तोंडाशी बॅटरी धरायची. मिलिंद ताडपत्रीच्या बाहेर घड्याळ घेऊन बसायचा आणि दर दोन मिनिटांनी "वेळ" म्हणून ओरडायचा. मग तात्यांनी एक चिठ्ठी उघडून त्या उजेडात मोठ्यानं वाचायची आणि मी ती वहीत लिहायची. बाकी आत कुणी एक शब्द बोलायचा नाही, कारण बोगद्यात आवाज घुमून आकडे कळेनात.

तापणं मोजायला मेण. काचेच्या कड्यावर मेणबत्तीच्या मेणाचा वाटाण्याएवढा गोळा चिकटवायचा. वीस मिनिटांच्या आत मेण घसरलं की बॅटरी नापास, आणि किती मिनिटांनी घसरलं ते लिहायचं. मेणावर लक्ष ठेवायचं काम माझं.

पहिल्या दिवशी दुसऱ्यांच्या दोन बॅटऱ्या बघितल्या. पाच सेलची पितळी बॅटरी शेवटपर्यंत थंड, मेण ढिम्म हललं नाही, पण तीनशे फुटांच्या पुढं तात्यांना आकडे लागेनात. दुसरी बाहेरच्या देशातली प्लास्टिकची. तिनं बोगद्याच्या टोकाचा कातळ धुऊन काढला, पण सहाव्या मिनिटाला बल्बमागची चकचकीत वाटी मऊ पडली आणि जळक्या प्लास्टिकचा वास त्या घाणीत मिसळला. मला तिथंच ओकारी आली.

दुसऱ्या दिवशी आमची.

"गड्या, हितं गारठा हाय," आत जाण्याआधी मिलिंद म्हणाला. "आटपाडीला मे म्हैन्यात काय हुईल?"

"ठेकेदारानं उन्हाळ्याचं काय लिवलंय का?" मी म्हणालो. हे माझंच वाक्य आहे.

बॅटरी लावली. पाचशे फुटांवर तात्यांचा सदरा लख्ख दिसत होता. मिलिंद बाहेरून "वेळ" म्हणायचा, तात्या आकडे वाचायचे, मी लिहायचो. सहा चिठ्ठ्या झाल्या. बारा मिनिटं. आणि सहावी चिठ्ठी लिहून मान वर केली तर मेण कड्यावरून घसरून खाली आलेलं.

मी ते अंगठ्यानं उचललं आणि परत कड्यावर दाबून बसवलं. अंगठा भाजला. खिशातला रुमाल पाण्याच्या बाटलीत बुचकळून डब्याला गुंडाळला. बाहेर मिलिंद, आत पाचशे फुटांवर तात्या, दोघांनाही दिसणं शक्य नव्हतं. हे करताना मला काहीही वाटलं नाही, आणि हे मी आज सगळ्यात जास्त किळसेनं लिहितोय.

पण मूठ धरवेना. म्हटलं, मिनिटभर बंद करू, गार होईल. कुणी विचारलं तर बटण सैल झालं म्हणू. बंद केली. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. नियमाप्रमाणं तात्याही गप्प.

आणि त्या काळोखात आकडे सुरू झाले.

"आठ, आठ, दोन, पाच."

वाचतात तसेच, सावकाश, एकेक. मी सवयीनं वहीत अंदाजानं लिहीत गेलो. मिलिंदनं "वेळ" म्हटलं नव्हतं, तरी लगेच पुढची चार, मग त्यापुढची, मग शेवटची. चार चिठ्ठ्या. माझ्या मनात आलं, म्हाताऱ्याला अंधारात वाचता कसं येतंय? आणि तेवढ्यात माझ्या हाताकडं लक्ष गेलं. बंद केलेली बॅटरी गार होत नव्हती. तापतही नव्हती. पत्र्याची मूठ अंगाच्या उबेइतकी कोमट झाली होती आणि ओली. रुमालाचं पाणी नव्हे... चिकट. आजारी माणसाच्या मानेला हात लागावा तशी. मला ती टाकायची होती आणि बोटं उघडत नव्हती.

मग तोच आवाज म्हणाला, "बारा मिनिटं."

मी बटण दाबलं. उजेड पडला. पाचशेच्या खुणेवर तात्या, हातात सातवी चिठ्ठी, अजून घडी घातलेली. मधल्या सगळ्या बोगद्यात काही नाही. छताची वटवाघळं चिडीचूप.

बाहेरून मिलिंद ओरडला, "वेळ."

तात्यांनी घडी उघडली आणि वाचलं, "आठ... आठ... दोन... पाच." आवाज बसलेला होता. त्यापुढच्या तिन्ही चिठ्ठ्याही त्यांनी वाचल्या. दर वेळी थांबून, नको असताना वाचावं तशा. चारही चिठ्ठ्यांचे आकडे माझ्या वहीत आधीच लिहिलेले होते, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एकावर एक चढलेले. वीस मिनिटं झाल्यावर मी ओला रुमाल खिशात कोंबला, वहीत 'पास' लिहिलं आणि बाहेर आलो.

बाहेर कडक ऊन होतं. तात्या लगद्यानं भरलेले पाय गवताला पुसत होते. खाली बघतच त्यांनी विचारलं, "अंधार झाल्यावर तू कशापाई पुकारलंस आकडं?"

"मी न्हाई, तात्या. तुमीच वाचलं की."

"माज्याजवळ उजेड कुटं हुता रं? मला तर तुज्याकडनं आवाज आला."

मला त्यांच्याकडून, त्यांना माझ्याकडून. मिलिंद म्हणाला, "माजी थट्टा करताय व्हय दोगं?" त्याला बाहेर नुसती पुटपुट ऐकू आली होती.

"आणि बारा मिनिटं म्हंजे काय?" तात्यांनी विचारलं.

"काय की," मी म्हणालो.

बॅटरी गालाला लावून बघायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

आता पुढचं. तीस बॅटऱ्या बनवल्या. झोप लागत नव्हती हे खरं, पण ते बोगद्यातल्या आवाजामुळं, असं मी स्वतःला सांगायचो. एकोणतीस बॅटऱ्यांत ठरलेला मोठा बल्ब घातला. तिसाव्या बॅटरीत कमी वॅटचा घातला आणि डब्यावर खिळ्यानं 'गौतम' असं कोरून ती मिलिंदच्या हातात वेगळी दिली. मला कळत होतं की बॅटरी तापते, आणि मी एकाच माणसापुरता तो बंदोबस्त केला. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी ठरवलंय.

मार्चमध्ये गौतमचा निरोप आला, "माजीच तेवढी मंद हाय, बदलून द्या." मी उत्तर दिलं नाही.

मे महिन्यात भरदुपारी शाफ्टमध्ये जत भागातला एक माणूस उतरत होता. लिंगाप्पा. तीन मुलींचा बाप. अर्ध्या शिडीवर त्यानं बॅटरी ह्या हातातून त्या हातात घ्यायला शिडी सोडली. वरून बघणाऱ्यांनी तसंच सांगितलं. कागदावर मात्र 'पाय घसरून मृत्यू' अशी नोंद झाली. त्याच्या मागून उतरणारा गौतम होता, आपली मंद बॅटरी घेऊन, सुखरूप.

पंधरा दिवसांनी तात्या आटपाडीहून एसटीनं कोरेगावला आले. खांद्यावर डाळिंबांची पिशवी. दुकानाच्या फळीवर ती ठेवली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुज्या बॅटरीनं माजं पोर राखलं, रफिक. त्यो सांगत हुता, बाकीच्यांच्या लय तापत्यात, माजीच तेवढी गार ऱ्हाती."

त्यांचे हात कोमट होते, घामेजलेले. मी हात सोडवून घेतला आणि चहा सांगायला म्हणून उठलो. ते बसून राहिले. चहा संपवून उठताना म्हणाले, "त्या बारा मिनिटांचा मी लय इचार केला. तुला काय उमगलं का रं?"

"न्हाई, तात्या."

त्यांनी पिशवी माझ्याकडं सरकवली. मग चपला घातल्या.

"मला वाटलं, तुला ठावं असंल," ते म्हणाले. "डाळिंबं खा. ग्वाड हायत."

ती डाळिंबं मी खाल्ली नाहीत, कुणाला दिलीही नाहीत. फळीखाली ती कुजली, त्यांना पाणी सुटलं, आणि एक दिवस दुकान उघडलं तर आत बोगद्याचा वास. त्याच महिन्यात मी बॅटऱ्यांचा धंदा सोडला.

आता तात्या नाहीत. बोगद्याच्या तोंडावर दरड आलीय म्हणे. ती वही माझ्याकडं आहे, चार ओळी एकावर एक चढलेल्या, खाली माझ्याच अक्षरात 'पास'. न उघडलेल्या चिठ्ठ्या अंधारात कुणी वाचल्या, पत्रा कोमट कसा झाला, ह्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. बारा मिनिटांचं मात्र कळवू नका. ते मला तिथंच, त्या अंधारातच कळलं होतं.