नव्या मशीनवर जुना मोर

मल्लेशम मामांनी पहिल्या भेटीत माझे नाव विचारले नाही. मी पत्र्याची ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभा होतो, खोली भाड्याने मिळेल का म्हणून विचारायला आलो होतो, आणि ते माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळत होते.

"मंद्रूपच्या बाजारातला," ते म्हणाले.

मी थक्क झालो. "व्हय. पण तुमाला कसं कळलं?"

"ट्रंकेवर लिवलंय की, मंद्रूप." आणि ते आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

बोलताना समोरच्याच्या अंगावरचे कापड हातात घ्यायची त्यांना सवयच होती. खोली बघायला आलेल्या माझ्या दादांचे, म्हणजे वडिलांचे, धोतर त्यांनी असे धरले, की दादा दोन पावले मागे सरकले. जावयाला भेटले की आधी सदऱ्याची कॉलर, मग खुशाली. "माणूस काय, काय पण सांगतो," ते म्हणत. "कापड खोटं बोलत नाही." रामक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडत, "सोडा त्याला! पोरगं शिकायला आलंय, विकायला नाही."

मामा या महाशिवरात्रीच्या आधी गेले. त्यांच्याबद्दल काही लिहावे असे तेव्हापासून मनात आहे, पण नेमके काय लिहावे ते कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. शिकलेला माणूस गोष्टी स्पष्ट सांगू शकतो, असे दादांना वाटते. मला मामांची ही एक गोष्टसुद्धा अजून पुरती उलगडलेली नाही. जशी घडली तशी सांगतो.

मामांचे घर साखर पेठेत. त्यांचे आजोबा तेलंगणातून सोलापूरला आले, ते विणकामासाठीच. घरात तेलुगू, दारात मराठी. मागच्या शेडमध्ये दोन माग होते आणि त्यांवर चादरी निघत. त्यांतल्या एका मागाच्या वर जेकार्ड नावाचे यंत्र बसवलेले असे. पुठ्ठ्याची लांबट कार्डे एकमेकांना दोरीने शिवून त्यांची माळ या यंत्रावरून फिरायची. कार्डाला जिथे भोक असेल तिथे सुई आत जाई, तिचा हूक उचलला जाई आणि हुकाला बांधलेला उभा धागा वर येई. भोक नसेल तर धागा खालीच. नक्षी विणायची ती एवढ्यावरच. पहिल्या दिवशी मी विचारले, "मामा, चादरीवरचा मोर कुठं काढलाय?" त्यांनी वर लोंबणाऱ्या कार्डांकडे बोट दाखवले. "तो बघ की, टांगलाय."

मोराची ती कार्डे त्यांनी तरुणपणी स्वतः एकेक भोक पाडून मारली होती, आणि त्या मोराचा त्यांना फार गर्व होता. तो बाजारात विकायचा नाही, असा घरचा नियम होता. लेक सासरी निघाली, की तिच्यासाठी एक चादर त्या कार्डांवर निघायची. थोरली अनसूया अक्कलकोटला दिली, तिला मोर. मधली सरोजा इथेच कन्ना चौकाजवळ दिली, तिला मोर. राहिली पद्मा. "तीन पोरी, एक मोर," असे ते आल्यागेल्याला सांगत. पद्माचे अक्कलकोटलाच, अनसूयाच्या सासरच्या नात्यात ठरले. त्या लोकांनी अनसूयाची चादर पाहिलेली होती. लग्न गुढीपाडव्यानंतर होते.

नेमके त्याच हिवाळ्यात मामांनी मशीन बदलले. व्यापारी बारीक नक्षी मागत होते आणि जुन्या जेकार्डावर ती निघत नव्हती. भिवंडीहून वापरलेले, पण नव्या पद्धतीचे जेकार्ड आले. शेडमध्ये दोन्ही ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते यायच्या आधीच जुने भंगारवाल्याला देऊन टाकले. नवे बसवले, तेल दिले, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. मग मामांनी मोराची माळ काढली आणि वर चढवायला गेले. कार्ड बसेना. नव्या मशीनची भोके जवळजवळ होती, जुन्या कार्डांची लांब लांब.

"कार्ड म्हणजे कार्ड की," मामा म्हणाले, आणि दुसरे कार्ड लावून पाहिले. मग तिसरे. जणू एखादे तरी ऐकेल.

रामक्का दारात उभ्या होत्या. "वा! नवरा आणला आणि पोरीचं माप घेतलंच नाही."

"गप्प बस. मशीन नवीन आहे, त्याला अजून समजलं नाही."

"तुम्हाला समजलं ते सांगा."

मी धीर करून म्हणालो, "मामा, भोकं तीच ठेवायची, फक्त नव्या कार्डावर उतरून काढायची. एकेक बघून." मला ते अगदी सोपे वाटले. मामांनी माझ्या बाहीला हात घातला. "हुशार आहे की रे बाबू तू."

मग संध्याकाळी कॉलेजातून आलो, की मी जुने कार्ड हातात धरून वाचायचो, "भोक, भोक, कोरं, भोक, कोरं, कोरं," आणि मामा नव्या पुठ्ठ्यावर हातपंच मारायचे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने मारायचे, अशीच ती रीत आहे. वाचणाऱ्याने मारायचे नाही आणि मारणाऱ्याने बघायचे नाही, नाहीतर दोघेही चुकतात. ते वाचन माझ्या जिभेवर इतके बसले, की एकदा वर्गात हजेरी चालू असताना माझे नाव आले आणि मी "कोरं" म्हणालो. सरांनी वर पाहिले. पूर्ण वर्ग हसला. मामांना सांगितले तर ते म्हणाले, "बरोबर बोललास की. तू बाकावर असतो, डोकं इकडं असतंय."

माळ शिवून झाली. माग सुरू झाला. हळूहळू पाय दिसले, पोट दिसले, मान दिसली, आणि मामांनी माग थांबवला.

मोराचा डोळा मानेवर आला होता. एक पाय शरीराला लागलेलाच नव्हता. पिसारा मधोमध चिरल्यासारखा दिसत होता.

मला वाटले, मीच कुठेतरी चुकीचे वाचले. आम्ही जुने आणि नवे कार्ड शेजारी ठेवून एकेक तपासले. एकही चूक सापडली नाही. मामा नव्या मशीनचा एकेक हूक हाताने उचलून पाहू लागले. तोही बरोबर.

"कार्ड बरोबर," ते म्हणाले. "मशीन बरोबर. मग हा प्राणी कोण आहे?"

पद्मा कोपऱ्यात रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. ती न थांबताच म्हणाली, "नाना, जुन्या मशीनचे काही हूक तुम्ही सुतळीनं शेजारच्याला बांधले होते ना?"

मामा तिच्याकडे बघत राहिले. मग हातातला धागा त्यांनी खाली ठेवला.

तेव्हा थोडे थोडे बाहेर आले. जुन्या जेकार्डाचा एखादा हूक तुटे. नवा आणायला वेळ नसे. मग मामा त्याचा धागा शेजारच्या हुकाला बांधत आणि नक्षी बिघडू नये म्हणून कार्डावरचे एक भोक कागद चिकटवून बुजवत, दुसरीकडे एक मारत. असे किती वर्षे, किती वेळा केले, ते त्यांना सांगता येईना. म्हणजे ती कार्डे बिघडलेल्या मशीनसाठी बरोबर होती. आम्ही ती जशीच्या तशी चांगल्या मशीनवर आणली, म्हणून मोर बिघडला. मी हे मामांना तीन प्रकारे समजावले. तिसऱ्यांदा माझा मलाच गोंधळ झाला.

"म्हणजे मशीनमध्ये चूक होती, म्हणून बरोबर होतं?"

"व्हय मामा."

"आणि आता चूक नाही, म्हणून चूक आहे?"

"व्हय."

"हे कॉलेजात शिकवतात?"

कुठला हूक कुठे बांधला होता, हे जुन्या मशीनवर दिसले असते. मामा भंगारवाल्याकडे धावले. मशीन तोडून केव्हाच पुढे गेले होते. मोराचा मूळ नकाशा, चौकटीच्या कागदावर काढलेला, रामक्कांनी पिठाच्या डब्याखाली घातला होता आणि तिथे त्याचे कधीच तुकडे झाले होते. शेवटी मीच म्हणालो, की चादर तर आहे ना. अनसूयाक्काची चादर आणू आणि तिच्यावरून मोर काढू.

रविवारी मी एस.टी.ने अक्कलकोटला गेलो. अनसूयाक्काच्या सासूबाई तेलुगू, कानडी आणि मराठी एकाच दमात बोलत. "एनप्पा, दिलेली चादर परत नेतात काय कुठं?" त्यांनी मला दोनदा विचारले. अक्काने चादर पेटीतून काढली, वास घेतला आणि माझ्या हातात दिली. "नुसतं बघून आणायची. आमच्या नानांना हात लावू देऊ नको, ते काहीतरी नीट करायला जातील."

इकडे सरोजाक्काला बातमी लागली. अक्काची चादर मागवली आणि माझी नाही, म्हणून ती आपली चादर बगलेत मारून स्वतःच आली. ओट्यावर दोन्ही चादरी शेजारी शेजारी अंथरल्या. आम्ही सगळे वाकून उभे राहिलो.

दोन मोर वेगळे होते. अनसूयाक्काच्या मोराचा तुरा डोक्यापासून सुटा होता, सरोजाक्काच्या मोराचा टेकलेला. एकाची चोच मिटलेली, दुसऱ्याची थोडी उघडी. एकाची मान ताठ, दुसऱ्याची जराशी झुकलेली. दोन लग्नांच्या मधल्या वर्षांत मामांनी आणखी किती हूक बांधले असतील, देव जाणे. इतकी वर्षे दोन्ही चादरी कधी एकत्र आल्याच नव्हत्या.

"अक्काचा चुकलाय," सरोजाक्का लगेच म्हणाली. "त्याची मान बघा, फौजदारासारखी."

"तुझा तरी काय," रामक्का म्हणाल्या. "तोंड उघडं. तुझ्यावर गेलाय."

कोणी हसले, पण मामा हसले नाहीत. ते दोन्ही चादरींच्या मध्ये बसले होते, एक हात या मोरावर आणि एक त्या. "मी एकच मारलो की," ते म्हणत होते. "एकच मारलो."

त्यानंतर ते दोन-तीन दिवस शेडमध्ये गेले नाहीत. माझी बाहीसुद्धा धरली नाही. लग्न जवळ आले होते. बाजारातली एखादी चांगली चादर द्या, असे शेजारी सांगून गेले. मला वाटत होते, यातला एक मोर खरा असलाच पाहिजे; कुठला, तेवढे कळले की प्रश्न सुटेल. मी जाऊन मामांजवळ बसलो. म्हणालो, "मामा, डोळे मिटा. पहिल्यांदा काढला तेव्हा कसा होता, ते आठवा. तुमी सांगा, मी कागदावर काढतो."

त्यांनी खरेच डोळे मिटले. बोटे मांडीवर हलत होती, पंच मारल्यासारखी. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे घाबरून पाहिले.

"बाबू, मला मोर आठवतच नाही. मला कार्ड आठवतंय."

पद्मा उंबऱ्यात उभी होती. तिने ते ऐकले, आत गेली आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि पंच घेऊन बाहेर आली. "नाना, मी सांगते. तुम्ही मारा."

"तू? तुला कुठला मोर माहीत?"

"लहानपणी मागाखाली बसायची ना मी. तुम्ही हाकलायचात. तिथनं दिसायचा तो."

"मागाखालनं उलटा दिसतो, पोरी."

"मला तोच माहीत आहे."

मामांनी रामक्कांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग पंच हातात घेतला.

माझ्याकडे चौकटीचा कागद आला. पद्मा सांगेल तसा मी काढायचो, खोडायचो, ती नाक मुरडायची, मी पुन्हा काढायचो. मग त्या कागदावरून ती वाचायची आणि मामा मारायचे. वीतभर विणायचे, थांबायचे, वाकून बघायचे. "डोळा जरा वर," पद्मा म्हणे. "इथं पिसारा एवढा जड नव्हता." मामा कधीकधी चिडत. "मशीनचा मालक कोण आहे?" ती शांतपणे म्हणे, "तुम्ही. पण चादर माझी." आतून रामक्का म्हणत, "बोल, बोल. सासरी असं बोललीस तर दोन दिवसांत मोर घेऊन परत येशील."

जो मोर निघाला, त्याचे तोंड बहिणींच्या मोरांच्या उलट दिशेला होते. जणू तो मागे वळून बघत होता. चांगला होता की नाही, मला सांगता येत नाही. मी इतका वेळ त्याच्याकडे पाहिले होते, की मला तो दिसेनासाच झाला होता. मामा मात्र चादर मागावरून उतरल्यावर तिच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते आणि मला विचारत होते, "हा तोच आहे का रे?" मी एकदा व्हय म्हणालो, एकदा न्हाय म्हणालो. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली.

लग्न झाले. पाठवणीला वऱ्हाडाची एस.टी. सांगितलेली होती. पद्मा खिडकीजवळ बसली, मांडीवर घडी केलेली चादर. मामा खाली उभे होते. त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि चादरीचे टोक धरले.

"कुठं धागा सुटला, काय झालं, तर घरी गाठ मारायची नाही," ते म्हणाले. "बाबूजवळ पाठवून दे. मी बघतो."

"पाठवते की, नाना," पद्मा म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते, पण ती हसत होती. "पण तुम्ही मोराला नीट करायचं नाही. नुसतं बघायचं आणि परत द्यायचं."

मामा काहीतरी बोलायला गेले. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली, तरी त्यांच्या हातातून ते टोक सुटेना. शेवटी पद्मानेच ते हळूच ओढून घेतले.