केशर-दुधाच्या साठ मेणबत्त्या

मृदुला कशाची काळजी करत नाही ते विचारा, यादी छोटी होईल. दूध उतू जाईल ही काळजी, आणि नाही गेलं तर आज पातळ आलं की काय, ही काळजी. तिचा नवरा हेमचंद्र इथे हॉलंडमध्ये, आर्नहेमच्या एका वीज कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतो आणि घरी आल्यावर कुणाशीच बोलत नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याची काळजीही मृदुलाच करते.

अशा बाईने मेणबत्त्यांचा धंदा काढावा! मेण फार गरम असताना ओतलं तर मधोमध खळगा पडतो. वात बारीक घेतली तर मेणात बुडते, जाड घेतली तर काजळी धरते. काळजीला पुरून उरेल असाच धंदा. शेजारी म्हणून सांगतो, गेलं वर्षभर त्यांच्या पोह्यांना मोगऱ्याचा वास येत होता. हेमचंद्रने एकदाच तक्रार केली. दुसऱ्या दिवशी पोह्यांना वाळ्याचा वास आला.

मेणबत्त्या मात्र देखण्या करते. फक्त तिच्यासमोर फुंकर मारायची सोय नाही, ज्योतीवर पितळी टोपी अलगद ठेवायची. आणि ‘विझली’ म्हणायचं नाही. “काका, शांत झाली म्हणा हो,” असं मला तिने तीनदा दटावलंय.

तर ऑक्टोबरात झालं असं, की रॉटरडॅमच्या एका मालवाहतूक कंपनीत तिला नोकरी चालून आली. हो की नाही ते सोमवारी कळवायचं. आणि आदल्या शनिवारी आमच्या वस्तीचा बाजार. तो बाजार चालवणाऱ्या वेसेलिंकबाई दुपारी तीनला फेरी मारणार आणि नाताळच्या बाजारात कुणाला जागा द्यायची ते ठरवणार. जागा मिळाली तर मेणबत्त्या, नाहीतर नोकरी. आठवडाभर बाईला झोप नव्हती.

कोजागिरी जवळ आलेली, म्हणून तिने वास निवडला आटवलेल्या दुधाचा. त्यात केशर आणि वेलची. साठ काचेचे पेले भरले. काळ्या लेबलवर सोनेरी रोमन अक्षरांत नाव छापलं, ‘केसर दूध’. आपण दूध इंग्रजीत लिहितो तसंच: डी, दोन ओ, डी आणि शेवटी एच. लेबलं सुटतील या धास्तीने गोंद दुप्पट लावला.

शनिवारी दोन वाजता मी थर्मासातून चहा घेऊन गेलो, तर ही रडायच्या बेतात.

“एकही गेली नाही, काका. लोक येतात, वास घेतात, हसतात. मग नाव वाचतात आणि झोपलेल्या बाळासारखी अलगद खाली ठेवतात. एक आजोबा तेवढे चांगले होते. टोपी काढून, माझा हात हातात घेऊन अभिनंदन करून गेले.”

“म्हणाले काय?”

“गेकोन... असंच काहीतरी लांबलचक. मी छान हसून आभार मानले.”

डचमध्ये ‘अभिनंदन’ आणि ‘आपल्या दुःखात सहभागी आहोत’ हे दोन्ही शब्द ‘गे’नेच सुरू होतात. दोन्ही घसा खरवडूनच बाहेर येतात. मी चष्मा लावला आणि लेबल वाचलं.

“मृदुला, डी-ओ-ओ-डी म्हणजे काय गं इथे?”

“डोट,” ती म्हणाली, आणि हात तोंडावर गेला. “मेलेला!”

“आणि तुझं केसर यांना कायझर वाटतं. सम्राट मेला! त्या आजोबांनी तुझं सांत्वन केलं गं, आणि तू हसलीस!”

मला हसू आवरेना, कबूल करतो. ती मात्र एकेक पेला उचलून लेबल वाचत सुटली. आपला शब्द आपण आपल्याच डोळ्यांनी वाचतो, त्याला ती तरी काय करणार? तिने मागे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या लेकीकडे वळून पाहिलं.

“सलोनी, तुला दिसलं नाही?”

सलोनी चौदा वर्षांची. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. “ऑफ कोर्स दिसलं! आय थॉट इट्स अ हॅलोवीन थिंग, आई. ब्लॅक लेबल अँड ऑल. इट्स सो कूल!”

‘विझली’ हा शब्द तोंडून न काढणारी बाई साठ वेळा मरण छापून बसली होती.

अडीच वाजले. मृदुला नखांनी लेबलं खरवडू लागली. गोंद हटेना. नखं गोंदाने भरली. “नोकरीला हो म्हणून टाकते, काका. मला नाहीच जमायचं हे,” असं तिचं सारखं चाललेलं. मीही खरवडत होतो. आता हसत नव्हतो.

तीनच्या ठोक्याला वेसेलिंकबाई हजर. त्यांनी नेमकी तीच मेणबत्ती उचलली, जिच्यावरचा कायझर निघून गेला होता, शेवटचा एचही फाटला होता, आणि ‘मेला’ तेवढा शाबूत होता.

“हे काय?” त्यांनी भुवया उंचावल्या.

मृदुलाचं डच एरवी दुकानापुरतं. पण घाबरलेला माणूस कुठून शब्द आणतो देव जाणे. “दूध आहे हे,” ती म्हणाली. “पौर्णिमेला पितो आम्ही. खरंच, दूध! आमच्याकडे ज्योत मरत नाही. तसं म्हणायचंसुद्धा नसतं. शांत झाली म्हणतात.” आणि पेटत्या नमुन्यावर तिने पितळी टोपी ठेवून दाखवली.

बाईंनी टोपी उचलून खालची वात निरखली. मृदुलाने माझी बाही घट्ट धरली होती.

“परत सांगा ते,” बाई म्हणाल्या. मृदुलाने परत सांगितलं.

“दोन नोव्हेंबरला संध्याकाळी आमच्या दफनभूमीत लोक आपापल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात. तिथे या आणल्यात तर हेच वाक्य प्रत्येकाला सांगा. साठ पुरणार नाहीत. नाताळची जागाही ठेवते तुमच्यासाठी. नाव तेवढं बदला.”

मृदुला पटकन डचमध्ये “या, या!”, म्हणजे ‘हो, हो’, म्हणून मोकळी झाली, आणि मग घाबरली.

सोमवारी तिने नोकरीला नाही कळवलं. नवं लेबल छापण्याआधी मला, पोस्टमनला आणि सलोनीला दोनदा वाचायला लावलं. त्यावर फक्त ‘शांत’ असं लिहिलंय.

आता एकच धास्ती उरली, सांगलीच्या आईची. परवा फोन माझ्यासमोरच आला. “ऐन दिवाळीच्या तोंडावर कुठे गं विकणार आहेस?”

“एका बागेत, आई,” मृदुला माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली. “मोठमोठी झाडं आहेत.”

“गर्दी असते का तिथे?”

“असते ना. पण अगदी शांत माणसं.”